एआयचं गाणं मोबाईलवर बनतं कसं? आणि त्यातला आवाज कुणाचा?

धाराशिव : लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचा बॅनर, यात्रेचं पोस्टर, देवीचं नवं गाणं... या सगळ्यात आता एआयचा हात दिसू लागलाय. चार ओळी टाईप करायच्या, 'भक्तिगीत, बाईचा आवाज, संबळ, जलद ताल' असं लिहायचं, आणि मिनिटभरात दोन-तीन मिनिटांचं गाणं हातात. ना स्टुडिओ, ना बँजो पार्टी, ना गायक. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खरंच गायलंय.

पण मग हे गाणं गायलं कुणी? यंत्र हे शिकलं कुठून? उद्या एखाद्या आराधी मेळ्यातल्या बाईचा आवाज कुणी मोबाईलवरून उचलला आणि त्यात भलतंच गाणं बनवलं, तर तिनं दाद मागायची कुणाकडं? वाचा सविस्तर.

न्यूरल नेटवर्क म्हणजे काय?

चित्र आणि गाणी बनवणाऱ्या या एआयच्या पोटात जे यंत्रणेचं जाळं असतं, त्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात. नाव अवघड आहे, पण कल्पना ओळखीची आहे.

आडत दुकानात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस सोयाबीनच्या पोत्यात हात घालतो, चार दाणे दाताखाली धरतो आणि ओलावा किती असेल ते सांगतो. मशीन लावलं की आकडा बहुतेक वेळा जवळपास तोच निघतो. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. हजारो पोती बघितली, अंदाज केला, चुकला, मशीनवर खरा आकडा पाहिला आणि पुढच्या वेळी अंदाज सुधारला. बस्स.

न्यूरल नेटवर्क हेच करतं, फक्त आकड्यांत. साऊंडवाल्याच्या मिक्सरवर जशी फिरवायची बटणं असतात, तशी कोट्यवधी बटणं असलेला मिक्सर डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला सगळी बटणं कशीही फिरवलेली असतात, म्हणून उत्तर चुकतं. चूक किती झाली ते कॉम्प्युटर मोजतो आणि प्रत्येक बटण केसभर इकडं-तिकडं करतो. असं लाखो-कोटी वेळा केलं की उत्तर बरोबर यायला लागतं. शेवटी ही बटणं कुठं येऊन थांबली, तेच त्या यंत्राचं 'शिक्षण'.

या जाळ्याची कल्पना आजची नाही. १९४३ मध्ये वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स या दोन अमेरिकी संशोधकांनी मेंदूतल्या पेशींवरून ती पहिल्यांदा गणितात मांडली. पुढं याच क्षेत्रातल्या कामासाठी जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चित्र कसं तयार होतं?

जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतंय? एआयचं चित्र त्या मुंग्यांतूनच निघतं.

शिकवताना यंत्राला एक फोटो दाखवतात, समजा नळदुर्गच्या किल्ल्याचा. मग त्यावर थोड्या थोड्या मुंग्या टाकत जातात, इतक्या की शेवटी किल्ला दिसेनासा होतो. यंत्राचं काम उलटं : मुंग्या काढून आधीचं चित्र परत आणायचं. कोट्यवधी फोटोंवर हा सराव होतो, आणि प्रत्येक फोटोसोबत त्यात काय आहे ते शब्दांत लिहिलेलं असतं. म्हणून शब्द आणि रूप यांची सांगड यंत्राला कळत जाते.

सराव झाला की त्याला नुसत्या मुंग्या देतात आणि सांगतात, 'यात पावसातला किल्ला आहे, काढ.' तिथं किल्ला नसतोच. पण यंत्र टप्प्याटप्प्यानं मुंग्या साफ करत जातं आणि शब्दांना जुळेल असं चित्र उभं करतं. म्हणजे ते कुठला एक फोटो उचलून देत नाही, पाहिलेल्या असंख्य फोटोंच्या सवयीवरून नवं चित्र रचतं. २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हातात आलेली चित्रं काढणारी बहुतेक साधनं याच पद्धतीवर उभी राहिली. मार्च २०२५ मध्ये स्वतःच्या फोटोचं जपानी कार्टून करायची जी लाट मोबाईलवर आली होती, किंवा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साडीतल्या फोटोंची, तीही चित्रं काढणाऱ्या एआयचीच.

आणि गाणं?

आवाज म्हणजे हवेतली थरथर. सीडीवर एका सेकंदाचा आवाज साठवायला एका बाजूच्या स्पीकरसाठी ४४,१०० आकडे लागतात. इतके आकडे एकेक करून रचणं अवघड. म्हणून यंत्र आधी आवाज दाबून त्याचे छोटे छोटे तुकडे करतं, आणि प्रत्येक तुकड्याला एक खूण देतं. मग लाखो गाणी ऐकून एकच गोष्ट शिकतं : या तुकड्यानंतर कुठला तुकडा येण्याची शक्यता जास्त?

मोबाईलवर 'आई' टाईप केलं की कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो ना, तसंच. फरक इतकाच की इथं शब्दाऐवजी सूर, ठेका आणि श्वास सुचवला जातो. काही साधनं हे काम चित्रासारखं, गोंगाटातून आवाज साफ करत करतात.

कॉम्प्युटरकडून संगीत करून घेण्याचा प्रयत्नही जुनाच आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅक्सन यांनी कॉम्प्युटरच्या मदतीनं चार तंतुवाद्यांसाठी रचना केली होती. पण तिथं नियम माणसानं घालून दिलेले होते आणि वाजवणारीही माणसंच होती. आजच्या यंत्राला नियम कुणी सांगत नाही. ते माणसांनी गायलेल्या, वाजवलेल्या गाण्यांतून स्वतः शोधतं. सगळा वाद इथंच सुरू होतो.

संबळ सांगितला तर ढोलकी का वाजते?

ज्यांनी ही ॲप वापरून बघितली, त्यांना एक अनुभव हमखास येतो. 'गोंधळ, संबळाचा ठेका' असं लिहूनही गाणं ढोलकी-ढोलाच्या किंवा हिंदी भजनाच्या अंगानं जातं. कारण साधं आहे. ज्याचं भरपूर ऐकलं ते जमतं, ज्याचं कमी ऐकलं ते जमत नाही. इंटरनेटवर इंग्रजी आणि हिंदी गाण्यांचा महापूर आहे. त्यापुढं संबळ, तुणतुणं, आराध्यांची गाणी म्हणजे ओंजळभर.

उच्चारांचंही तेच. 'तुळजापूर', 'गोंधळ', 'माळ' यातला 'ळ' अनेकदा 'ल' होऊन येतो. 'चार' आणि 'चारा' यातला 'च' लिहायला एक, पण म्हणायला वेगळा. मराठी माणसाला ते सांगावं लागत नाही. यंत्राला मात्र अक्षरावरून कळत नाही.

चित्रात तशीच गंमत होते. तुळजाभवानी अष्टभुजा. यंत्राला देवीचं चित्र मागितलं तर कधी सहा हात येतात, कधी नऊ, आणि आयुधं भलतीच. बॅनरवरची मराठी अक्षरं, खास करून जोडाक्षरं, तर बऱ्याचदा वाचताच येत नाहीत. यंत्राला देवी माहीत नसते, आकार माहीत असतात.

कोर्ट काय म्हणालं?

आवाजाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात दोनदा ठळकपणे आला. धाराशिव जिल्हा याच न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या हद्दीत येतो, त्यामुळे हे निकाल आपल्या कामाचे आहेत.

पहिलं प्रकरण गायक अरिजित सिंग यांचं. कुणाचाही आवाज अरिजित यांच्या आवाजात बदलून देणारी एआय साधनं ऑनलाईन मिळत होती. २६ जुलै २०२४ रोजी न्या. आर. आय. छागला यांनी अंतरिम आदेश देऊन त्यांचं नाव, आवाज आणि गाण्याची ढब परवानगीशिवाय वापरायला मनाई केली.

दुसरं प्रकरण मूळच्या सांगलीच्या गायिका आशा भोसले यांचं. त्यांच्या आवाजाची एआय नक्कल देणारी कंपनी आणि त्यांची छबी वापरून वस्तू विकणारे विक्रेते यांच्याविरुद्ध त्या कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस न्या. आरिफ डॉक्टर यांनी त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. परवानगी न घेता नामवंत व्यक्तीच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज बदलून देणारं साधन बाजारात ठेवणं, हाच त्या व्यक्तीच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. आवाज हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे, हा त्यामागचा मुद्दा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. दोन्ही आदेश अंतरिम आहेत, आणि दोन्ही नामवंतांसाठी आहेत. गावच्या कलाकारासाठी असा थेट निकाल अजून पायवाट बनलेला नाही.

परवानगी घेऊनही काम करता येतं, याचं उदाहरणही आहे. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ सिनेमातल्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले. घरच्यांची परवानगी घेतली, त्यांना मानधन दिलं आणि ते जाहीरही केलं. आपल्याकडं एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या मेळाव्यात शिवसेना (उबाठा) पक्षानं बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातलं एआय भाषण ऐकवलं, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. गेलेल्या माणसाच्या तोंडी नवे शब्द घालावेत का, हा प्रश्न कायद्याइतकाच माणुसकीचाही आहे.

गावच्या कलाकाराकडं कुठला हक्क?

कॉपीराईट कायदा, १९५७ यात 'परफॉर्मर' म्हणजे सादरकर्त्याचे हक्क आहेत. सादरकर्ता म्हणजे फक्त सिनेमाचा गायक नव्हे. कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. म्हणजे गोंधळी, आराधी, शाहीर, भारूड करणारा, सगळे आले. त्यांनी सादर केलेल्या कलेचं रेकॉर्डिंग त्यांच्या संमतीशिवाय करणं वा विकणं हा हक्कभंग ठरू शकतो. हा हक्क ५० वर्षं टिकतो.

पारंपरिक गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं, ते सगळ्यांचं. पण ते अमक्या बाईनं अमक्या रात्री गायलं, ते गाणं तिचं सादरीकरण. हा फरक महत्त्वाचा आहे.

अडचण पुढं आहे. रेकॉर्डिंग जसंच्या तसं वापरलं तर कायदा स्पष्ट. पण त्यावरून यंत्राला आवाज शिकवला आणि नवंच गाणं काढलं, तर त्यासाठी या कायद्यात थेट शब्द नाहीत. काही सेकंदांच्या स्वच्छ रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणारी साधनं आज आहेत. म्हणून कलाकाराच्या हातात सगळ्यात मोठं हत्यार एकच उरतं : आपल्या आवाजाला आपलं नाव चिकटलेलं ठेवणं.

याचा वस्तुपाठ महाराष्ट्रानंच घालून दिलाय. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा साठा आज 'परी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर आहे. तिथं नुसती ओवी नसते. ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गावही असतं. एआय शिकतं तेव्हा नेमकं हेच गळून पडतं. सूर राहतो, बाई हरवते.

एआय कंपन्यांनी कुणाचं न विचारता शिकून घेतलं, यावर जगभर भांडणं सुरू आहेत. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या संगीत कंपन्यांनी 'सुनो' आणि 'युडिओ' या गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर खटले भरले. २०२५ च्या अखेरीस त्यातल्या काहींनी पैसे आणि परवाना ठरवून समझोते केले. मोठ्यांनी आपला वाटा मागून घेतला. आराधी मेळ्याच्या वतीनं मागणारं अजून कुणी नाही.

एआयनं बनवलेल्या गाण्याचा मालक कोण?

आपल्या कायद्यात कॉम्प्युटरनं तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे 'ती तयार करवून घेणारी व्यक्ती', असं वाक्य आहे. पण ते आजचं एआय येण्याच्या कितीतरी आधीचं. २०२० मध्ये 'सूर्यास्त' नावाच्या चित्राला 'राघव' या एआय यंत्राच्या नावासह भारतात कॉपीराईट नोंदणी मिळाली होती, नंतर कार्यालयानंच ती मागं घेण्याची नोटीस काढली. म्हणजे नुसतं बटण दाबून निघालेल्या गाण्यावर पक्की मालकी सांगणं आज तरी धोक्याचं. शब्द तुम्ही लिहिले असतील, तर त्या शब्दांवर मात्र तुमचा हक्क आहे.

कमाईचाही हिशोब बघा. फुकट खात्यावर बनवलेलं गाणं कमाईसाठी वापरायला 'सुनो'सारखी ॲप परवानगी देत नाहीत, त्यासाठी पैसे भरून योजना घ्यावी लागते. खऱ्यासारखं दिसणारं-ऐकू येणारं एआय साहित्य असेल तर ते सांगणं यूट्यूबनं मार्च २०२४ पासून बंधनकारक केलंय. एकाच साच्यातून काढलेले ढिगानं व्हिडिओ टाकणाऱ्यांची कमाई यूट्यूब बंद करू शकतं. एआय साहित्यावर लेबल लावण्यासाठी केंद्र सरकारनंही ऑक्टोबर २०२५ मध्ये आयटी नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आणला होता, त्यामुळे लेबल लावायची सवय केलेली बरी.

वापरायचं असेल तर असं वापरा

१. शब्द स्वतःचे लिहा. गावचं, पिकाचं, माणसाचं नाव त्यात आणा. यंत्राचे शब्द गुळगुळीत असतात, कुठल्याही गावाला लागू पडतात.

२. यंत्राकडून संगीत घ्या, आवाज गावातला घ्या. बचत गटाचं, शाळेचं, ग्रामपंचायतीच्या स्वच्छता मोहिमेचं गाणं असेल तर मागचं वाद्यवृंद यंत्राचं आणि गाणारी आपली पोरं, हे जमतं. संबळ तर खरा संबळवालाच बोलवा.

३. 'अमक्या गायकासारखा आवाज' असं लिहू नका. 'मध्यम वयाच्या बाईचा खडा आवाज' असं वर्णन चालतं.

४. गाणं तयार झालं की 'ळ', 'च', 'ज' चे उच्चार कान देऊन ऐका. चुकले तर ती ओळ पुन्हा बनवा.

५. पोस्टरमध्ये नुसतं चित्र एआयकडून घ्या. मराठी मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये स्वतः टाईप करा, किंवा फ्लेक्सवाल्याकडून करून घ्या. देवी-देवतांचं चित्र छापण्याआधी घरातल्या जाणत्यांना दाखवा.

६. खाली स्पष्ट लिहा : 'संगीत एआयचे, शब्द व गायन अमुक'. यानं कमीपणा येत नाही, विश्वास वाढतो.

७. लहान मुलांचे, घरातल्या बायकांचे फोटो अनोळखी ॲपवर चढवू नका. एकदा गेलेला फोटो परत येत नाही.

कलाकारांनी काय करावं?

मेळ्याचं गाणं स्वतःच्या चॅनेलवर, स्वतःच्या नावानं, गाव आणि तारखेसह आधी टाका. उद्या वाद झाला तर तोच पुरावा. कुणी रेकॉर्डिंगला आलं तर कागदावर चार ओळी लिहून घ्या : गाणं कशासाठी वापरणार, पैसे किती, आणि 'या आवाजावरून एआय आवाज तयार करणार नाही'. दोघांच्या सह्या, एक प्रत आपल्याकडं. गावातल्या म्हाताऱ्या गोंधळ्यांचं, ओव्या म्हणणाऱ्या आज्यांचं गाणं त्यांना विचारून, त्यांच्या नावासह रेकॉर्ड करून ठेवा. ते माणूस गेलं की यंत्राला कितीही विचारलं तरी ते गाणं सापडत नाही, कारण यंत्रानं ते कधी ऐकलेलंच नसतं.

आवाज चोरला तर?

आधी पुरावा जपा. व्हिडिओची लिंक, स्क्रीनशॉट, तारीख. मग त्या ॲपवर किंवा यूट्यूबवर 'रिपोर्ट' करा. तुमच्या चेहऱ्याची किंवा आवाजाची एआय नक्कल असेल तर यूट्यूबवर त्यासाठी गोपनीयतेची वेगळी तक्रार करता येते. बदनामी किंवा फसवणूक असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आयटी कायद्याच्या कलम ६६ ड नुसार कॉम्प्युटर वा मोबाईल वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि एक सावधगिरी घरच्यांसाठी. ज्या तंत्रानं गाणं बनतं, त्याच तंत्रानं पुण्या-मुंबईला असलेल्या पोराच्या आवाजात 'अपघात झालाय, पैसे टाका' असा फोनही येऊ शकतो. असा फोन आला तर घाबरून पैसे टाकू नका. फोन ठेवा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.